गादीवाफा

चिमटीच्या मते बावळट माणसांचे दोनच प्रकार होते. ज्यांना काहीच येत नाही ते, आणि ज्यांना सगळंच येतं ते. पहिल्या प्रकारची माणसं निदान गप्प तरी बसतात. दुसऱ्या प्रकारचा अस्सल नमुना तिच्याच घरात राहत होता, नात्याने तिचा मामा लागत होता, आणि आत्ता तिच्या खोलीच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर झुकून मागच्या मोकळ्या जागेची पाहणी करत होता.

“ड्रेनेज,” मामा म्हणाला. “सगळा खेळ ड्रेनेजचा आहे.”

“मामा, तू न्हाणीघराच्या जाळीवर टॉवेल टाकून आंघोळ केलीस आणि दुकानापर्यंत पूर आणलास. तू ड्रेनेज हा शब्दही उच्चारू नकोस.”

“अगं, त्यातूनच तर माणूस शिकतो.”

“शिकलेला माणूस कुठे दिसला तर मला हाक मार.”

चिमटी जन्मली तेव्हा चिमटीत मावेल एवढी होती, म्हणून हे नाव पडलं. आता शाळेच्या बाकाखाली तिचे गुडघे मावत नव्हते, पण नाव टिकलं, कारण मधल्या काळात तिने चिमटे काढायला सुरुवात केली होती. घरचे तिला हाक मारत तीही “चिमटे!” अशीच. म्हणजे एकाच हाकेत एकीचे अनेक. आणि तसं पाहिलं तर ते बरोबरच होतं, कारण यंदा शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून ती एकटी चार जणींइतकी बोलत होती.

ही खोलीसुद्धा तिने बोलूनच मिळवली होती. पुढे बाबांचं गाद्या शिवायचं दुकान, मागे घर, आणि घराच्याही मागे ही कापसाची खोली. हल्ली कापूस नव्हताच, कारण गादी शिवून घ्यायला कोणी येतच नव्हतं. फोमच्या गाद्या खोक्यात गुंडाळून लोकांच्या दाराशी येऊन पडत, खोकं फोडलं की फुस्सकन फुगत. बाबा रिकाम्या दुकानात बसून लांब सुया तेलाच्या फडक्याने पुसत राहत. अशा माणसाला मोकळी खोली कशाला हवी, असं चिमटीने जेवताना सलग तीन दिवस विचारलं, आणि चौथ्या दिवशी आईच म्हणाली, “द्या हो तिला, निदान दार लावून बोलेल.”

खोली मिळाली, पण तिच्यात एक गादी राहिलीच. लांबलचक, अरुंद, हिरव्या जाड कापडाची, गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली. दाताच्या डॉक्टरने वाट बघणाऱ्या पेशंटांच्या बाकासाठी सांगितली होती, आणि ती शिवून होईपर्यंत प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन मोकळा झाला होता.

“बाबा, ही हिरवी सुरळी कधी जाणार इथून?”

“बाक मिळेल कधीतरी.”

“बाक गादीला शोधत येणार आहे का?”

यावर बाबा काही बोलले नाहीत. ते पहिल्या प्रकारात मोडतात, असं चिमटीने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

तर अशी ती खोली, तिची ती एकुलती एक खिडकी, आणि खिडकीसमोर ती मोकळी जागा. मोकळी म्हणजे भणंग. जुन्या पाडलेल्या भिंतीचं डबर खाली दाबलेलं, त्यावर धूळ, त्यावर कुणाची तरी तुटकी छत्री. पण खिडकीतून वारा यायचा, आभाळाचा एक तुकडा दिसायचा, आणि एवढ्यावर चिमटी खूश होती. घरमालकीणबाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत आल्या तोपर्यंत.

घरमालकीणबाई वरच्या मजल्यावर राहत. त्यांनी पाण्याच्या टाकीला, गच्चीला, मीटरच्या पेटीला आणि जिन्याखालच्या झाडूलासुद्धा कुलूप लावलं होतं, म्हणून चिमटी त्यांना कुलूपबाई म्हणायची. अर्थात पाठीमागे. तोंडावर त्या काकू.

“कचऱ्याची मोठी पिंपं येणार आहेत, चाकांची,” काकू खिडकीबाहेर उभ्या राहून म्हणाल्या. “साऱ्या इमारतीची इथेच ठेवणार. खिडकी बंद ठेवत जा हो पोरी, वास येईल.”

“इथे? माझ्या खिडकीसमोर?”

“खिडकी माझी आहे. तू फक्त तिच्यातून बघतेस.”

चिमटीच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की पुढचं वाक्य तिच्या डोक्याच्या आधी तिच्या तोंडाने ठरवलं. “तिथे पिंपं येऊ शकत नाहीत. तिथे मी बाग करणार आहे.”

काकू हसल्या. किल्ल्याही हसल्या. “बाग? या डबरावर गवताची काडी उगवत नाही. तुला फुलझाड आणि भाजी यांतला फरक तरी कळतो का गं?”

“बघालच तुम्ही.”

“बघते की. पिंपं महिनाअखेरीला येणार. तोवर इथे हिरवं दिसलं, तर जेवढं हिरवं दिसेल तेवढी जागा तुझी. उरलेल्या जागेत पिंपं.” आणि जाता जाता, आवाज न चढवता, “तोंडाने झाडं उगवत नसतात हो.”

म्हणून त्या संध्याकाळी मामा खिडकीतून लोंबकळत होता. तो फोनवर कोणाकोणाचे व्हिडिओ बघायचा आणि मग त्या माणसांच्या आवाजात बोलायचा.

“डबर आहे ना? मग जमिनीत काही लावायचंच नाही. जमिनीच्या वर चौकट करायची, चौकटीत माती भरायची, मातीत रोपं. सगळं जग हेच करतंय. रेज्ड बेड!”

“त्याला मराठीत गादीवाफा म्हणतात,” चिमटी म्हणाली. तिने तो शब्द शेतीच्या धड्यात वाचला होता. धड्यातलं बाकी काही तिला आठवत नव्हतं, पण मामाला खाली पाडायला शब्द पुरेसा होता.

दारात बाबा उभे होते. सुई पुसायचं फडकं हातात तसंच.

“काय म्हणालीस? गादी?”

“गादीवाफा, बाबा. उंच वाफा. तो गादीसारखा दिसतो म्हणून. त्याचा तुमच्या गादीशी संबंध नाही.”

“गादीसारखा दिसतो,” बाबा स्वतःशीच म्हणाले, आणि चिमटीने त्यांच्या चेहऱ्यावर जे पाहिलं ते तिला अजिबात आवडलं नाही. उत्साह होता तो. “म्हणजे चौकट हवी, खोळ हवी, भरण हवं. सिंगल की डबल?”

“अहो बाबा, मातीचं आहे ते!”

“असू दे. मापं दोनच. सिंगल आणि डबल.”

इथे चिमटीला एक गोष्ट सुचायला हवी होती, जी सुचली नाही. तिने फक्त काकूंचं हसणं आठवलं, जेवढं हिरवं तेवढी जागा हे आठवलं, आणि ती ठसक्यात म्हणाली, “मग डबल. मी काय अर्ध्या जागेसाठी भांडले का?”

एक म्हातारं जोडपं मुलाकडे राहायला जाताना त्यांचा जुना डबलबेड दुकानाच्या मागच्या पडवीत ठेवून गेलं होतं, परत कधी न्यायला न येण्यासाठी. भक्कम सागवान. बाबा आणि मामा तो खिडकीसमोर घेऊन आले. चिमटी दोघांच्या मध्ये उभी राहून हातवारे करत होती, कारण कोणीतरी देखरेख करायला हवी.

“पाय कापा,” ती म्हणाली.

“कोणाचे?” मामा म्हणाला.

“तुझे कापले तरी चालतील, तू धरलेलं काहीच उचललं जात नाहीये.”

पाय कापून चौकट डबरावर बसली. मग बाबा आतल्या फळ्या परत बसवायला लागले.

“आता हे कशाला?”

“खाली फळ्या नसतील तर गादी बसणार कशावर?”

“बाबा! मुळं खाली जायला हवीत. मुळं काय फळ्या पोखरत बसणार? पाणी कुठे जाणार?”

“ड्रेनेज!” मामा ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा बरोबर जागी ओरडला, म्हणून चिमटीने त्याला सोडून दिलं.

बाबांनी फळ्या काढल्या, भिंतीला टेकवून ठेवल्या, आणि त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं जणू गिऱ्हाईक चुकतंय पण गिऱ्हाईक आहे. मग ते गोणपाटं घेऊन आले. चौकटीच्या आतून गोणपाटाचं अस्तर, आणि तेही खिळ्यांनी ठोकून नव्हे, शिवून. दाभण घेऊन, दोर ओढून, कोपऱ्यात चुण्या घालून. सबंध रविवार.

“बाबा, माती आहे ती. तिला खोळ लागत नाही. तिला कोणी झोपायला येणार नाही.”

“भरण बाहेर येतं नाहीतर,” बाबा म्हणाले. तोंडात दोरा होता, म्हणून पुढचं कळलं नाही.

वरच्या गॅलरीतून काकू वाकून बघत होत्या. “गादीवाले, पलंग छान टाकलात हो! उशा कधी येणार?”

चिमटीच्या कानशिलांची आग झाली. मामाने वर बघून हात हलवला, कारण त्याला ते कौतुक वाटलं.

रोपवाटिकेतून माती आली, खत आलं, नारळाचा भुसा आला. भरताना बाबांचा हात काही थांबेना. काठाला कमी, मधे जास्त, पोटात फुगवटा, जशी नवी गादी असते तशी. मग हात फिरवून सारखं करताना त्यांचा हात मधे पोचेना, तेव्हा ते सरळ चढले. गुडघ्यांवर, जसे गादीवर चढून टाके घालतात तसे, आणि गुडघ्यांनीच सरकत सगळा फुगवटा एकसारखा करून आले. मामाला व्हिडिओ करायचा होता, तो बुटांसकट मधोमध जाऊन उभा राहिला आणि फोनमधल्या कोणाला तरी “मित्रांनो” म्हणाला. आणि चिमटी? तिला मधे बी पेरायचं होतं. चारी बाजूंनी वाकून बघितलं, पालथी पडून बघितलं, शाळेची पट्टी हातात धरून बघितलं. मग चपला काढून तीही आत गेली, आणि मुळा, पालक, कोथिंबीर अशा ओळी घालत, मागे मागे सरकत, स्वतःच्या पेरणीवर खूश होऊन बाहेर आली.

संध्याकाळी आई औषधांच्या दुकानातून आली. दिवसभर पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचणं हेच तिचं काम. तिने रिकामं बियांचं पाकीट उचललं.

“बी किती खोल घालायचं ते मागे लिहिलंय. वाचलं का कोणी?”

तिघांनी एकदम पाकिटाकडे हात केला.

“वा,” आई म्हणाली आणि चहा टाकायला गेली. चिमटीची जीभ कोणावर गेली आहे याबद्दल त्या घरात कधीच वाद नव्हता.

मुळा उगवला. सगळ्यांत आधी उगवतो तो. एका सकाळी खिडकी उघडली तर काठाशी बदामाच्या आकाराची इवली पानं जोडीजोडीने उभी! चिमटी इतक्या जोरात किंचाळली की मामाच्या हातातला दाढीचा ब्रश नाकात गेला. मग पालक आला, मग कोथिंबिरीचे केस. दुकानात गिऱ्हाईक नसल्यामुळे बाबा दर तासाला मागे येऊन काठाशी बसायचे. पानं मोजत असावेत.

पण हिरवं होतं ते काठालाच. चारी बाजूंनी हातभर रुंदीची हिरवी पट्टी, आणि मधे काही नाही. दिवस गेले. काठाचा मुळा वाढला, दाट झाला, आणि मधली माती तशीच. वरून तडकली सुद्धा.

“डोक्यासारखं दिसतंय,” चिमटी म्हणाली.

“कोणाच्या?” मामाने विचारलं, आणि नकळत स्वतःच्या टकलावरून हात फिरवत कानाजवळच्या झालरीशी थांबला.

“हाच तो रेज्ड बेड का गं?” वरून काकूंचा आवाज आला. “मधे पिंपं छान बसतील. भोवती हिरवी किनार, मधे पिंपं! फार शोभेल बाई.”

चिमटी खिडकी बंद करून खोलीत बसली. खोलीत ती हिरवी सुरळी कोपऱ्यात उभी होती, तिच्याकडे बघत. “तू बघू नकोस,” चिमटी तिला म्हणाली.

मग ती उठली, कारण रुसून बसणं हे पहिल्या प्रकारच्या माणसांचं काम. ती बाहेर गेली, काठाच्या मातीत तिने बोट खुपसलं. बोट गपकन दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. मग पालथी पडून, श्वास रोखून, जेवढं पुढे जाता येईल तेवढं जाऊन मधे बोट टेकवलं. नख वाकलं.

“मामा!” ती गरजली. “तुझे बूट! तुझ्या त्या मित्रांनो बुटांनी सगळी माती दाबून टाकलीस! विटेसारखी झालीये! बी बाहेर येणार कसं, हातोडा घेऊन?”

मामा धावत आला. बाबाही आले. मामा वाकला, डोळे बारीक केले, आणि अपराध्यासारखं तोंड करता करता थांबला.

“माझ्या बुटांना बोटं नाहीत,” तो म्हणाला.

तडकलेल्या मातीत सबंध ओळ होती. टाच, मधली खोलगट जागा, आणि पुढे पाच बोटं. टाच, खोलगट, पाच बोटं. करंगळी जरा बाहेर गेलेली. ती करंगळी शाळेच्या बुटात कशी चावते हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. एका बाजूला बाबांच्या गुडघ्यांच्या वाट्या. मामाच्या बुटांचे ठसेही होते मधोमध, दोनच.

चिमटी वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती, पण उत्स्फूर्त भाषणात नव्हे.

“डबल कोण म्हणालं होतं?” मामाने अतिशय गोड आवाजात विचारलं.

“मापं दोनच, कोण म्हणालं होतं?” चिमटी बाबांकडे वळली. “बाबा, डबल गादीच्या मधे तुमचा हात पोचतो का कधी?”

“नाही.”

“मग?”

“मग गादीवर चढतो.”

“गादीवर मुळा लावायचा असतो का?”

“आजवर नव्हता लावला कोणी,” बाबा म्हणाले.

आणि मग, चिमटीने याआधी त्यांचं कधी ऐकलं नव्हतं असं, ते हसायला लागले. खुदुखुदु, सुईचं फडकं तोंडावर धरून. मामाही हसायला लागला. चिमटी दोघांकडे तुच्छतेने बघत राहिली, जेवढा वेळ जमलं तेवढा.

“महिनाअखेर आली,” ती शेवटी म्हणाली. “मधे पिंपं येणार. माझ्या खिडकीसमोर. हसा.”

बाबांचं हसू थांबलं. त्यांनी चौकटीभोवती एक फेरी मारली. मग दुसरी. भावाभावांनी वाटण्या केल्या, किंवा पोरं मोठी होऊन वेगळी झोपायला लागली, की लोक डबल गादी घेऊन त्यांच्याकडे यायचे. हे काम त्यांच्या हाताखालून इतक्या वेळा गेलं होतं की त्यांना त्याचं काही वाटतच नसे.

“मधून फाडू,” ते म्हणाले. “दोन सिंगल.”

“आणि मधे?”

“मधे वाट. तू उभी राहा आणि दोन्हीकडे हात घाल. आत पाय टाकायचाच नाही कोणी.”

चिमटीला हे पटलं. इतकं पटलं की तिला राग आला. “किती रुंद वाट?”

“बसता येईल एवढी.”

“बसायचंय कोणाला?” ती म्हणाली, पण मामा करवत घेऊन आला होता आणि त्याच्यापासून सगळ्यांना सावध राहायचं होतं.

चौकटीच्या दोन आडव्या पाट्यांचा मधला, वाटेएवढा तुकडा कापून काढला. आतल्या बाजूंना ठोकायला फळ्या हव्या होत्या, त्या भिंतीला टेकून वाटच बघत होत्या. मधली दाबलेली माती खोदून काढली. ढेकळं निघाली, काही इतकी कडक की मामाने एक फोडायला जाऊन कुदळीचा दांडा सैल केला. बाबा कापूस झोडपायची लांब काठी घेऊन आले आणि ढेकळांवर चालवायला लागले.

“बाबा, हे बघून लोक काय म्हणतील?”

“गॅलरीत कोणी नाही,” बाबा म्हणाले, काठी चालवत. माती मोकळी झाली, फुलली, ती दोन्ही वाफ्यांच्या रिकाम्या अंगाला भरली. चिमटीने या खेपेला पाकिटाची मागची बाजू मोठ्याने वाचली, दोनदा, आई आत असताना. मग वाटेत उभी राहून तिने दोन्हीकडे मुळाच पेरला. पालकाची वाट बघायला वेळ नव्हता.

महिनाअखेरीला दोन माणसं मोठ्ठी काळी चाकांची पिंपं ढकलत मागच्या फाटकातून आली. पुढे काकू, त्यांच्या पुढे किल्ल्यांचा आवाज.

खिडकीसमोर दोन लांब सागवानी वाफे होते. बाहेरच्या काठांना मुळ्याची दांडगी पानं, पालक, कोथिंबीर, आणि आतल्या अंगाला नुकतीच उगवलेली बदामी पानांची दाट जाजमं. एकही टक्कल नाही. चिमटी वाफ्याशी उभी होती, हनुवटी वर. मामा उभा होता. बाबा उभे होते. आईनेही त्या दिवशी अर्धी रजा टाकली होती, “तमाशा चुकवायचा नाही” म्हणून.

काकूंनी एक पान चिमटीत धरून बघितलं, कागदाचं नाही ना म्हणून. मग दुसरं. त्यांचा चेहरा आंबट झाला, पण त्या शब्दाच्या पक्क्या होत्या. शब्दालाही त्यांनी कुलूप लावलं असावं.

“जेवढं हिरवं दिसेल तेवढं तुझं, असं म्हणाले होते. हे तुझं,” त्यांनी डाव्या वाफ्याकडे बोट केलं. “हेही तुझं.” उजव्याकडे. मग बोट मधे आलं आणि तिथेच राहिलं. “आणि हे?”

“ही वाट आहे, काकू.”

“वाट हिरवी नाही.”

“वाट हिरवी कशी असेल? तिच्यावर उभं राहून—”

“हिरवी नाही,” काकू म्हणाल्या आणि हसल्या. किल्ल्याही हसल्या. “आणा हो ती पिंपं. एकामागे एक लावा मधे. बरोब्बर मापाची आहे जागा, कशी काय बाई!”

पहिलं पिंप गडगडत वळलं. चिमटीने तोंड उघडलं. नेहमी तिथे काही ना काही असायचं, निदान एखादा टोमणा तरी. आत्ता तिथे काहीच नव्हतं. दोन्हीकडे हिरवळ आणि मधोमध, थेट खिडकीच्या तोंडाशी, इमारतीतल्या सगळ्यांची सालं, माशांचे काटे नि उष्टं! तिनेच खोदलेल्या वाटेत!

“टेक्निकली बघितलं तर—” मामाने सुरुवात केली.

“तू गप्प बस,” काकू आणि आई एकदम म्हणाल्या.

चिमटीने बाबांकडे बघितलं. बाबा नव्हते. वाफ्याजवळ त्यांच्या चपला होत्या, बाबा नव्हते. ऐन वेळेला सटकले! तिला इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं, आणि डोळ्यांत पाणी आलं याचीही चीड आली.

तेवढ्यात तिच्या खोलीची खिडकी खाडकन उघडली. खिडकीतून आधी एक हिरवं टोक आलं. मग आणखी हिरवं. मागून ढकलणारे दोन हात, त्यांच्यामागे बाबांचं लालबुंद तोंड. सुरळी काठावरून कलली, धप्पकन वाटेत पडली आणि पिंपाच्या चाकापर्यंत उलगडत गेली. या काठापासून त्या काठापर्यंत. बाक नसलेली बाकाची गादी, हिरवीगार, जराही फट न ठेवता.

पिंप थांबलं.

“हे काय आहे?” काकू म्हणाल्या.

“गादी,” बाबा खिडकीतून म्हणाले. त्यांना धाप लागली होती.

“ते दिसतंय मला!”

“मग हिरवी दिसतेय ना?”

चिमटीची जीभ परत आली. आणि येताना एकटी आली नाही. “काकू, तुम्ही ‘हिरवं दिसलं तर’ म्हणाला होतात. उगवलेलं असं म्हणाला नव्हतात. जेवढं हिरवं दिसेल तेवढं. दिसतंय का? की चष्मा वर राहिलाय?”

“ही फसवणूक आहे!”

“फसवणूक कशी? दोन्हीकडे वाफा, मधे गादी. गादीवाफा.” तिने हा शब्द असा उच्चारला जणू तो तिने आणि बाबांनी मिळून काढला होता.

पिंपं ढकलणाऱ्यांपैकी एकजण गालातल्या गालात हसला. “दिसतं तर खरंच हिरवं, बाई. पिंपं कुठे लावायची ते सांगा, आम्हाला पुढे जायचंय.”

काकू गादीच्या जवळ आल्या. मग वाकल्या, आणि गादीच्या कडेला तळवा दाबून बघितला. सोडला. परत दाबला.

“कापूस?”

“नवा,” बाबा म्हणाले. “हाताने भरलेला.”

“माझी ती खोक्यातली,” काकू कंबरेवर हात ठेवत पुटपुटल्या, “उठवत नाही सकाळी…”

“काकू,” चिमटी म्हणाली, “हिरवळीवर हात ठेवू नये.”

काकू ताडकन सरळ झाल्या. किल्ल्यांचा आवाज जिन्यापर्यंत गेला, त्याच्यामागे पिंपं, आणि जिन्याखाली, त्यांच्याच दाराच्या वाटेवर, ती एकामागे एक लागली.

चिमटी गादीवर बसली. मग आडवी झाली. दोन्ही बाजूंना मुळ्याची पानं तिच्या कानांशी आली, आणि वर आभाळाचा तोच तुकडा, आता हिरव्या किनारीचा. बाबा खिडकीत कोपर टेकून बघत होते.

“बाबा, तुम्ही वाट मोजली तेव्हाच ठरवलं होतं ना हे?”

बाबा फडक्याने कपाळ पुसत राहिले.

“सांगा ना!”

“बाक मिळेल म्हणत होतो ना कधीतरी.”

“पण दव पडलं की ही भिजेल. पाऊस आला की लगदा होईल. काकू रोज गॅलरीतून बघणार, वाट मोकळी दिसली की पिंप आणणार.”

“मग रोज संध्याकाळी आत ओढायची. सकाळी उजाडलं की बाहेर टाकायची.”

“रोज? एवढी जड? कोणी?”

बाबा खिडकीतून आत वळले. “जागा कोणाची?” एवढंच त्यांचं आतून ऐकू आलं.

संध्याकाळी चिमटी गादीची सुरळी करून खिडकीवर चढवायला लागली. ती अर्धी वर जायची आणि पूर्ण खाली यायची. घामाघूम होऊन तिने तिसऱ्यांदा खांदा लावला, तेव्हा खिडकीतून मामा कमरेपर्यंत बाहेर आला.

“चिमटे, सगळा खेळ पकडीचा आहे,” तो म्हणाला.